शिवाजी नावाची माणसे

२०२५ च्या मार्चमध्ये कोल्हापुरात एक मोर्चा निघाला. शिवाजी विद्यापीठाच्या नावात 'छत्रपती' आणि 'महाराज' हे शब्द घालावेत, एकेरी उल्लेख थांबवावा, अशी त्याची मागणी होती. त्याच शहरातले अनेक प्राध्यापक, माजी विद्यार्थी आणि जुने कार्यकर्ते मात्र नाव आहे तसेच राहावे म्हणून उभे राहिले. बातम्यांत हे दोन गटांचे भांडण म्हणून आले. पण ज्या नावावरून ते झाले, ते राजाचे आहे तसेच महाराष्ट्रातल्या असंख्य साध्या माणसांचेही आहे. या माणसांचा विचार दोन्ही बाजूंच्या भाषणांत फारसा झाला नाही.

नाव कुठून आले, याची सर्वांत प्रचलित कथा शिवाई देवीची. शिवनेरीवर देवीचे ठाणे आहे, तिला जिजाऊंनी नवस केला आणि तिचे नाव मुलाला ठेवले. महाराजांच्या हयातीत रचल्या गेलेल्या संस्कृत काव्यात, कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त, थोडे वेगळे कारण येते. हा पुरुष शिवगिरीच्या माथ्यावर जन्मला म्हणून लोक त्याला 'शिव' म्हणू लागले, असे तिथे म्हटले आहे. देवी घ्या किंवा गड घ्या, दोन्ही वाटा जुन्नरच्या त्याच डोंगरावर जातात.

त्याहून महत्त्वाचे आहे नावाच्या शेवटचे 'जी'. भोसल्यांची वंशावळ वाचली तर मालोजी, विठोजी, शहाजी, शरीफजी, संभाजी, एकोजी अशी रांगच लागते. शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला केलेल्या नवसातून आली, असे बखरी सांगतात. पिराचे नाव, पुढे मराठी 'जी', आणि घरच्या मुलाचे नाव तयार. त्या काळाला यात काही वावगे वाटले नाही. शिवाजी याच घडणीचे नाव आहे : मूळ नाव शिव किंवा शिवा, आणि त्याला चिकटलेला आदर.

याचा पुरावा पन्हाळ्यावर आहे. १६६० च्या वेढ्यात महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसला आणि मारला गेला तो शिवा काशीद. पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या नेबापूरचा, समाजाने नाभिक. दोघांचे पाळण्यातले नाव एकच. एकाच्या नावाला घराण्यामुळे 'जी' लागला, दुसऱ्याच्या नावाला लागला नाही, आणि लोकांच्या तोंडी तो 'शिवा'च राहिला. 'शिवाजी' हा एकेरी उल्लेख आहे असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावे. त्या काळच्या कानाला 'शिवा' एकेरी होते. 'शिवाजी'त मान आधीच आलेला होता.

खुद्द महाराजांच्या राजचिन्हांवर तर तो 'जी'ही नाही. मुद्रेवर 'शाहसूनोः शिवस्यैषा' आहे. राज्याभिषेकानंतरच्या नाण्यांवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. तांब्याच्या पैशाला लोक 'शिवराई' म्हणू लागले आणि पेशवाई संपल्यावरही ती बाजारात चालत होती. पत्रांच्या मायन्यात 'राजश्री शिवाजी राजे' येते, रामदासांकडे 'शिवराय', भूषणाच्या छंदांत 'सिवा', 'सिवाजी' आणि 'सिवराज' तिन्ही, इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांत 'सेवाजी'च्या जवळचे काहीतरी. एकच अधिकृत रूप ठरवून बाकीची चूक मानावीत, असा विचार तेव्हा कुणाच्या मनात आलेला दिसत नाही.

राजघराण्यात हे नाव पुढे परत परत आले. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीतच होती. संभाजी महाराजांच्या मुलाचे, म्हणजे पुढच्या शाहू महाराजांचे, जन्मनाव शिवाजीच. राजाराम-ताराबाईंच्या मुलाचेही तेच, आणि १७०० मध्ये वडील गेल्यावर तो लहान वयातच गादीवर आला. तंजावरचा शेवटचा भोसले राजा शिवाजी १८५५ मध्ये वारसाविना वारला आणि ते राज्य कंपनीने गिळले. कोल्हापूरच्या गादीवर तर हे नाव अनेकदा बसले. त्यातल्या एका दत्तक शिवाजीला इंग्रजांनी वेडा ठरवून नजरकैदेत ठेवले. त्याच्या छळाबद्दल लिहिल्यावरून १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८३ च्या डिसेंबरात तो नगरला मेला. रायगडावरच्या समाधीची चळवळ अजून सुरू व्हायची होती, त्या वेळी पुण्या-मुंबईच्या वाचकापुढे 'शिवाजी' हे नाव एका हयात, असहाय तरुणाचे म्हणूनही येत होते. आज हे जवळजवळ विसरले गेले आहे.

नावाने पुन्हा उचल खाल्ली ती १८९५-९६ च्या शिवस्मारकाच्या हालचालींनी आणि रायगडावरच्या उत्सवाने. त्याआधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पवाडा लिहून 'कुळवाडीभूषण' हा वेगळाच शिवाजी उभा केला होता. माझ्या मते माणसांच्या नावांवर जास्त परिणाम या दुसऱ्या धाग्याचा झाला. उत्सव करणाऱ्या शहरी पांढरपेशा घरांत शिवराम आणि सदाशिव चालत राहिले. मुलाचे नाव शिवाजी ठेवण्याचा उत्साह दिसतो तो शेतकरी आणि बलुतेदार घरांत, आणि नंतर सत्यशोधक चळवळ, वसतिगृहे, बहुजनांच्या शिक्षणसंस्था जिथे पोचल्या तिथे. 'आपला राजा' ही भावना उत्सवाच्या मंडपातून आली असेल, पण पोराच्या बारशाला ती येते तेव्हा तिची मुळे निराळी असतात.

१९२७ हे वर्ष ठळक आहे. तेव्हा महाराजांचे जन्मवर्ष १६२७ धरत असल्याने त्रिशताब्दी त्या वर्षी झाली. दादर-माहीमच्या मैदानाला 'शिवाजी पार्क' हे नाव त्याच वर्षी मिळाले. पुढे मराठीत नामवंत वक्ते झालेले शिवाजीराव भोसले त्याच वर्षी साताऱ्याकडे जन्मले. माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर १९३१ चे, कादंबरीकार शिवाजी सावंत १९४० चे, अभिनेते शिवाजी साटम १९५० चे. साधारण १९२५ ते १९७५ हा या नावाचा भर.

जुना सातबारा किंवा वाटणीचा कागद काढून पाहा. वरच्या पिढीत धोंडीबा, रामा, गणू. त्यांच्या खाली शिवाजी, संभाजी, तानाजी, कधी कधी तिघेही सख्खे भाऊ. त्यांच्या खाली सचिन, संदीप, अमोल. आजच्या लग्नपत्रिकेत शिवाजी सापडतो तो बहुधा नवरदेवाच्या आजोबांच्या ओळीत, 'कै.' किंवा 'श्री.' लावून आणि पुढे 'राव' जोडून. खुद्द 'चि. शिवाजी' छापलेली पत्रिका आता क्वचितच हाती येते.

ज्या घरांत नाव होते, तिथेही ते मोठ्याने कमीच घेतले जाई. मुलगा आजोबांच्या नावाचा असला की सून ते नाव उच्चारत नसे. मग तो आबा, बापू, दादा किंवा बाळू होई. शिवाय या नावाला हाक मारून रागे भरायचे कसे, हाही प्रश्न होताच. गावाकडे अजून सांगतात की पोराला शिवी द्यायची वेळ आली की आई टोपणनाव वापरायची. शाळेच्या हजेरीपटावर मात्र गुरुजी रोज सकाळी 'शिवाजी' म्हणून पुकारत आणि मागच्या बाकावरून 'हजर' येई.

महाराष्ट्राबाहेर या नावाचा सर्वांत नवलाचा प्रवास तमिळनाडूत झाला. १९४० च्या दशकात अण्णादुराईंच्या नाटकात महाराजांची भूमिका करणाऱ्या गणेशन नावाच्या तरुण नटाला पेरियारांनी 'शिवाजी' म्हटले आणि तो जन्मभर शिवाजी गणेशन राहिला. पुढे बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड चित्रपटांत आला, तेव्हा हे नाव आधीच दुसऱ्याचे झाले होते. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला रजनीकांत केले. जन्माने शिवाजी असलेल्याला नाव सोडावे लागले आणि पदवी म्हणून मिळालेल्याकडे ते राहिले.

आता विद्यापीठ. दक्षिण महाराष्ट्रासाठी कोल्हापुरात विद्यापीठ व्हावे ही मागणी जुनी होती. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाव ठरताना 'छत्रपती' असावे की नसावे यावर तेव्हाही चर्चा झाली होती, असे कोल्हापुरात सांगतात. तेव्हाच्या राज्यकर्त्यांचा युक्तिवाद असा होता की नाव लांबवले तर लोक त्याची आद्याक्षरे करतील आणि मूळ नाव गायब होईल. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे 'एम. एस.' झालेलेच होते. म्हणून 'शिवाजी विद्यापीठ' एवढेच ठेवले : 'शिवाजी' हे तीन अक्षरी नाव, ज्याला तोडायला जागा नाही.

साठ वर्षांनंतर हा अंदाज तंतोतंत खरा ठरला आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि लोकांनी त्याचे 'सीएसटी' केले. २०१७ मध्ये 'महाराज' जोडले आणि 'सीएसएमटी' झाले. लोकलच्या दर्शकावर 'सी' किंवा 'सीएसएमटी' दिसते, प्रवासी तसेच बोलतात. दिवसाला लाखो माणसे या स्थानकातून जातात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडी महाराजांचे नाव एकदाही येत नाही. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचेही तेच झाले. विमानतळाच्या नावात २०१८ मध्ये 'महाराज' आले, पण रिक्षावाल्याला सांगताना आपण 'टी-टू' म्हणतो. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले आणि विद्यार्थी 'एसपीपीयू' लिहू लागले. याउलट शिवाजी पार्क, पुण्याचे शिवाजीनगर, गावोगावचा शिवाजी चौक इथे नाव रोज, पूर्ण, स्वच्छ उच्चारले जाते. भांबुर्ड्याचे शिवाजीनगर झाले आणि आज भांबुर्डे कुणाला आठवतही नाही. छोट्या नावाची ताकद ती हीच.

मागणी करणाऱ्यांच्या भावनेत खोट काढण्याचे कारण नाही. 'शिवाजी म्हणाला', 'शिवाजी गेला' असे पाठ्यपुस्तकी मराठी ज्यांनी ऐकले, त्यांना ते खुपले आणि खुपायलाच हवे होते. क्रियापद एकेरी असेल तर तो अनादरच. पण विद्यापीठाच्या पाटीवर क्रियापद नाही. तिथे आहे ते विशेषनाम, ज्यात 'जी' आहे. या दोन गोष्टी एकत्र गुंडाळल्यामुळे वाद गुंतला. आदर वाढवण्याच्या नादात फलकांवर 'छ. शिवाजी महाराज' असे लिहावे लागते, मग त्या 'छ.'वर नवा आक्षेप येतो, आणि अक्षरे मावावीत म्हणून फलक रुंद करावा लागतो.

याचा परिणाम पाळण्यावर झाला असे मला वाटते. गेल्या तीसेक वर्षांत नुसते 'शिवाजी' म्हणणेच धाडसाचे होत गेले. वर्गात किंवा कार्यालयात, साहेबाने शिपायाला हाक मारताना, हे नाव तोंडात घ्यायला माणसे कचरतात. ज्याचे नाव शिवाजी आहे, त्याला लोक आडनावाने किंवा 'एस. एम.' म्हणून बोलावतात. अशा नावाने मुलाचे बारसे करायला आईबाप बिचकतात. शिवभक्ती मात्र कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. ती आता वळसा घेऊन येते : शिवराज, शिवतेज, शिवांश, शंभूराज, रुद्र, स्वराज. या नावांना राजाचा स्पर्श आहे आणि राजाच्या नावाची जबाबदारी नाही. काहींत 'राजे' नावातच घालून जन्मदाखला काढलेला असतो, म्हणजे 'जी'चे जुने काम आता 'राजे' करू लागले आहे.

तानाजी आणि संभाजी ही जोडीची नावेही त्याच वाटेने मागे सरली, पण त्यांच्यात फरक आहे. संभाजीला 'शंभू' हे छोटे, हाकेला सोपे रूप मिळाले आणि ते नव्या पिढीत चालते. शिवाजीचे तसे छोटे रूप म्हणजे 'शिवा' किंवा 'शिवबा'. शिवबा जिजाऊंच्या तोंडचे म्हणून राखीव झाले आणि शिवा हल्ली थेट शंकराचे नाव म्हणून ठेवले जाते.