पाटी छापण्याआधी शब्दाची जात बघा

म्हापशात पाट्या, मेन्यूकार्डे आणि स्टिकर छापण्याचे आमचे छोटे दुकान आहे. इंग्रजी मजकुरात एकच चूक इतक्या वेळा येते, की हे पत्रक आता ऑर्डरसोबतच देतो. ही चूक स्पेलिंगची नाही, शब्दाच्या जातीची आहे.

दारावरची पाटीच घ्या. एका बाजूला 'ओपन', दुसरीकडे 'क्लोज' असे लिहून आणतात. 'ओपन' क्रियापद आहे तसे विशेषणही आहे, म्हणून 'उघडे आहे' या अर्थी चालते. 'क्लोज' क्रियापद धरले तर 'बंद करा', आणि 'क्लोस' उच्चारून विशेषण केले तर 'जवळचे'! बंद असलेल्या दुकानाला 'क्लोज्ड'च हवे.

सगळ्यात जास्त गडबड मेन्यूकार्डावर. 'स्टफ बांगडा', 'मिक्स ज्यूस', 'फ्राय राइस'. मराठीत आपण 'भर बांगडा' म्हणतो का? 'भरलेला' म्हणतो. 'भर' धातूला 'लेला' जोडून विशेषण केले. इंग्रजीत तेच काम बहुतेकदा शेवटची ई आणि डी ही अक्षरे करतात: स्टफ्ड, मिक्स्ड, फ्राइड. गंमत म्हणजे आपले 'रेशाद' ज्या पोर्तुगीज शब्दावरून आले, त्याचाही अर्थ 'भरलेला', आणि तोही क्रियापदापासूनच बनलेला. म्हणजे 'स्टफ्ड रेशाद बांगडा' हा दोनदा भरलेला बांगडा झाला. पण रेशाद आता मसाल्याचे नाव झाले आहे, त्यामुळे आम्ही हटकत नाही. 'बांगडा फ्राय'ही बरोबर आहे, कारण तिथे शेवटी आलेला 'फ्राय' नाम आहे.

'नो' नंतर नाम लागते: नो पार्किंग, नो एंट्री. 'नो एंटर' नको, 'एंटर' क्रियापद आहे. ते ठेवायचेच तर 'डू नॉट एंटर'. 'नो पार्क' लिहिलेत तर पर्यटक 'इथे बाग नाही' असे वाचेल.

रोज उघडे असेल तर 'ओपन एव्हरी डे', दोन शब्द तोडून. जोडून लिहिलेले 'एव्हरीडे' विशेषण आहे, रोजच्या वापरातले अशा अर्थाचे.

शेवटी 'ली' दिसले की क्रियाविशेषण, हा शाळेतला नियमही जपून वापरा. 'फ्रेंडली' विशेषण आहे. 'हार्ड' तर तसाच्या तसा क्रियाविशेषण होतो. 'वी वर्क हार्डली' म्हणजे 'आम्ही जेमतेमच काम करतो'. अशी पाटी आम्ही छापायला नकार देऊ.

मराठीत विभक्तीचा प्रत्यय बघून नाम ओळखू येते. इंग्रजीत बरेचदा शब्दाची जागाच बघावी लागते. 'ड्रिंकिंग वॉटर' मधले 'वॉटर' नाम, 'वॉटर द प्लांट्स' मधले क्रियापद. म्हणून फोनवर सुटा शब्द सांगू नका, पाटीवरची पूर्ण ओळ लिहून पाठवा. प्रूफ वाचून सही केलीत की छपाईला घेतो. दुपारी जेवणाच्या वेळी मात्र येऊ नका, तेव्हा आमच्याही दारावर 'क्लोज्ड' असते.