रबराचं वय

कोल्हापुरात जुनी गाडी घेऊन कुठंही थांबा, पाच मिनिटांत कुणीतरी येतं, बॉनेटवर हात ठेवतं आणि विचारतं, "किती पळालीया?" माझं उत्तर ऐकून माणसं हरखतात. एकोणीस वर्षांत ९२ हजार किलोमीटर. "म्हंजे अजून नवीच की!" असं म्हणून निघूनही जातात. ही नवी गाडी गेली चार वर्षं महिन्यातून एकदा तरी उद्यमनगरातल्या गॅरेजात मुक्कामाला असते, हे त्यांना कोण सांगणार?

गाडी युरोपीय कंपनीची, टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा), आणि मागं लांबच लांब डिकी. इस्टेट म्हणतात या प्रकाराला. आपल्याकडं तो फारसा रुजला नाही. १९९२ ची टाटा इस्टेट, नंतर मारुतीची बलेनो अल्तुरा, इंडिगो मरीना, अशा आल्या आणि गेल्या. युरोपात मात्र याच लांब गाडीत तगडं इंजिन घालायची हौस आहे. ऑडीनं पोर्शच्या मदतीनं काढलेल्या आरएस-२ मध्ये ३१५ अश्वशक्ती होती, आणि १९९४ साली व्होल्वोनं तर आपली ८५० इस्टेट ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतीत उतरवली होती. आमच्या गल्लीत माझ्या गाडीला ॲम्ब्युलन्स म्हणतात. गुळाच्या ढेपा, सायकली, एकदा तर अख्खा कूलर तिनं वाहिलाय, त्यामुळं मी वाद घालत नाही.

तर ही गाडी सकाळी चालू केली की अडखळत मिसिंग मारायची आणि हायवेला लागली की उचलायची नाही. प्लग बदलले, कॉइल बदलल्या, हवा मोजणारा सेन्सर बदलला. पैसे गेले, रोग राहिला. शेवटी ज्यांच्याकडं मी आता जातो त्या अण्णांनी स्कॅनर लावला, आकडे बघितले आणि म्हणाले, "सर, थंड असताना पेट्रोल कमी पडतंय, पळवताना जास्त होतंय. दोन रोग न्हाईत हे. एकच हाय." मग त्यांनी इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, नळीत धूर सोडला. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथं हात पोचत नाही तिथून, एका रबरी नळीच्या वाकणावरून धुराची बारीक रेघ वर आली.

एका चिरेतून दोन उलट रोग कसे होतात? गाडी उभ्या उभ्या चालू असते तेव्हा थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळपास मिटलेला असतो आणि पिस्टन आतली हवा ओढत राहतात. इनटेकमधला दाब बाहेरच्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. मग चिरेतून बाहेरची हवा आत घुसते. ती सेन्सरसमोरून गेलेलीच नसते, म्हणजे संगणकाच्या हिशेबात नसते. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, हे त्याचं गणित. चोरून आलेल्या हवेनं ते बिघडतं आणि पेट्रोल अपुरं पडतं. हायवेला टर्बो फिरायला लागला की चित्र पालटतं. आता आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणून मोजलेली हवाच त्याच चिरेतून बाहेर पळते. पेट्रोल मात्र पूर्ण मापानं पडतं. गाडी काळा धूर सोडते आणि दमते.

नळी काढून हातात घेतली तर ती वाकेना. बोटांनी दाबली आणि कट्कन मोडली. एकोणीस वर्षांपूर्वी ती नक्कीच लवचिक असणार. या मधल्या काळात तिचं नेमकं काय झालं?

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंची गुंतवळ. झाडाच्या चिकातून मिळणारं कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं, की गंधक घालून तापवलं की या धाग्यांमध्ये अधूनमधून गाठी बसतात. मग ताणलं तरी धागे एकमेकांवरून घसरून जात नाहीत, सोडलं की जागेवर येतात. रबराची सगळी किमया या गाठींच्या संख्येत आहे. फार कमी असतील तर चिकट लगदा, फार झाल्या तर दगड.

कारखान्यात ही क्रिया थांबवली असं आपण समजतो. ती थांबत नाही, मंदावते. हवेतला ऑक्सिजन रेणूंना डसत राहतो. काही ठिकाणी धागा तुटतो, काही ठिकाणी नव्या गाठी पडतात. नैसर्गिक रबरात तुटणं जास्त, म्हणून ते आधी मऊ, चिकट होतं. तेलाच्या नळ्यांचं नायट्राइल रबर गाठी वाढून टणक होतं. शिळी भाकरी कडक होते तशी. फक्त भाकरीवर पाणी शिंपडून निभावतं, इथं नाही. गोकुळ शिरगावला रबराचे भाग करणाऱ्या एका मित्राकडं टणकपणा मोजायचं छोटं यंत्र असतं. नव्या नळीचा काटा ६५ वर थांबला, माझ्या नळीच्या तुकड्याचा ८८ वर. त्या मापात १०० म्हणजे काटा अजिबात रुतत नाही.

या क्रियेला सगळ्यात जास्त आवडते ती उष्णता. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट. साध्या इंजिनाच्या बाजूला नळी ८० अंशांवर राहत असेल आणि टर्बोच्या शेजारी ११० वर, तर फरक तीस अंशांचा, पण वय आठपट वेगानं वाढतं. टर्बोच्या टर्बाइनवर येणारा धूर ९०० अंशांच्या घरात असतो, चाक मिनिटाला दीड लाखावर फेरे घेतं. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवून इंजिन बंद केलं की तेल आणि कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) दोन्ही थांबतात आणि ती सगळी धग आजूबाजूच्या नळ्यांना मिळते. म्हणून मी घरी आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून बसतो. शेजाऱ्यांना वाटतं गाणं संपायची वाट बघतोय.

इथं माझी एक चूक कबूल करायला हवी. मूळ नळी परदेशातून यायला तीन आठवडे, म्हणून मी बाजारातून त्याच मापाची रेडिएटरची होज आणली आणि अण्णा नको म्हणत असताना बसवून घेतली. चार महिन्यांत ती फुगून जळूसारखी लिबलिबीत झाली. रेडिएटरची होज असते ईपीडीएम रबराची. गरम पाणी, कुलंट, हवेतला ओझोन वायू यांना ते वर्षानुवर्षं दाद देत नाही, पण खनिज तेल त्याच्या रेणूंशी इतकं मिळतंजुळतं असतं की ते रबरात शिरून बसतं. इंजिनाचा श्वास वाहणाऱ्या नळीत तेलाची वाफ असतेच. नायट्राइलचं याच्या उलट: तेलाला घट्ट, ओझोनला हळवं. तेल आणि उष्णता दोन्ही सोसणारं फ्लोरोरबरही मिळतं, फक्त त्याची किंमत ऐकून माणूस खुर्ची शोधतो. दिसायला सगळ्या काळ्याच नळ्या.

या सगळ्यात गाडीचं लोखंड काय म्हणत होतं? काहीच नाही. सिलिंडरच्या भिंतींवर कारखान्यातल्या होनिंगच्या, म्हणजे बारीक घासकामाच्या, तिरक्या रेघा अजून दिसतात. पोलादाचा एक गुण फार मोठा आहे: ठरावीक मर्यादेच्या खालचा ताण त्याला लाखो, कोट्यवधी वेळा दिला तरी ते थकत नाही. गंजापासून जपा, तेल बदलत राहा, ते तुमच्या नातवाला पुरेल. दसऱ्याला छत्रपतींची भगव्या रंगाची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा मी गर्दीत टाचा उंचावून तिच्या टायरांकडं बघत असतो. गाडी १९३० च्या दशकातली. तिचं पोलाद तेव्हाचं असेल, पण तिच्या नळ्या, पट्टे, टायर आजवर कितींदा बदलले असतील, हे मला कुणाला तरी विचारायचंय.

आणि हे बिडाचं गाव आहे. शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत फाउंड्र्या. ऑइल इंजिनं, पंप, उसाचे चरक इथं ओतले गेले. धातूचा कुठलाही तुकडा नेऊन ठेवा, "कधी पाहिजे?" एवढंच विचारतात. त्यामुळं कुलंटचा प्लास्टिकचा फ्लँज, म्हणजे नळी इंजिनाला जोडणारा तुकडा, तडकला तेव्हा मी खूशच झालो. तो असतो काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनचा. नवा असताना मजबूत, पण गरम पाणी त्याच्या रेणूंची साखळी कडी-कडीनं सोडवत जातं, आणि पंधरा-वीस वर्षांनी तो खारीसारखा भुरभुरतो. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपनं जुन्या तुकड्यांवरून मापं घेतली आणि ॲल्युमिनियमचा फ्लँज दोन दिवसांत हातात ठेवला. असा चकचकीत की देवघरात ठेवावा.

बसवला, आणि आठवड्यात खाली गुलाबी थेंब. फ्लँज निर्दोष होता. त्याच्यामागची ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट बंद करणारं रबरी कडं, मी जुनीच ठेवली होती, "बरी दिसते" म्हणून. माझ्या गाडीचा ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीनं पसरतं. पाच सेंटिमीटरच्या फ्लँजला सत्तर अंशांच्या चढउतारात हा फरक मिलिमीटरच्या चार शतांशाइतका येतो. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ताजी ओ-रिंग एवढी हालचाल सहज भरून काढते. जुनी मात्र वर्षानुवर्षं दाबली जाऊन चपटी झालेली असते आणि त्याच आकारात गोठते. गाव बिडाचं असलं तरी गळती थांबवायला शेवटी दोन रुपयांचं रबरच लागलं.

"किती पळालीया" हा प्रश्न यासाठीच फसवा आहे. कमी पळालेली गाडी रबराच्या बाबतीत कधीकधी जास्त म्हातारी असते. टायरच्या रबरात मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना दबतो-ताणतो, त्यामुळं मेण पृष्ठभागावर येत राहतं आणि ओझोनपासून पातळसं कवच देतं. महिनोन्महिने शेडमध्ये उभ्या गाडीच्या टायरला ही मालिश मिळत नाही. मग बाजूला, ताणाच्या आडव्या दिशेनं, बारीक भेगांची जाळी येते. नक्षी भरपूर शिल्लक असते आणि विकणारा तीच दाखवतो. तुम्ही बाजूवरचे चार अंक वाचा: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या टायमिंग बेल्टचंही तेच. गाडीच्या पुस्तकात दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं, जे आधी होईल ते. लोक पहिलाच वाचतात. माझ्या इंजिनात बेल्ट तुटला तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. त्याबद्दल याहून जास्त लिहायचं धाडस मला होत नाही. नोंदणीचा नियम तेवढा शहाणा आहे: पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीनं नूतनीकरणाला हजर व्हायचं, मीटर काहीही म्हणो.

ब्रेकमध्ये रबर आणखी छुपा खेळ खेळतं. ब्रेकचं तेल पाणी शोषतं आणि हवेतला ओलावा रबरी होजच्या भिंतीतूनही हळूहळू आत झिरपतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. डॉट-४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश हवा असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावरच्या चाचणीत ही हद्द १५५ वर येते. आता गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचा आहे असं धरा. माणसं-सामानासकट १,७०० किलोची गाडी, उतार समजा ५०० मीटरचा. सगळी ऊर्जा ब्रेकनं खाल्ली तर ती ८३ लाख ज्यूल होते, म्हणजे सुमारे २६ लीटर पाणी उकळेल इतकी. अंघोळीचा अख्खा बंब, चार चाकांत वाटलेला. तेलात पाणी मुरलेलं असेल तर वाफेचा बुडबुडा होतो. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल पायाखाली स्पंजसारखं बसतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून घाटात दुसरा गिअर, आणि दर दोन वर्षांनी नवं तेल, गाडी पळालेली असो वा नसो.

या सगळ्यानंतर मी जरा वाहवत गेलो. गाडीला लागतील तेवढ्या ओ-रिंगा, सील, नळ्या शोधून गोळा केल्या आणि झिपच्या पिशव्यांत घालून लोखंडी कपाटात ठेवल्या. अंधारात, गारव्याला, आणि फ्रिजपासून लांब, कारण मोटरच्या ठिणग्यांनी ओझोन होतो असं मी कुठंतरी वाचलं होतं. आजच्या फ्रिजच्या बंद मोटरीत तसलं काही होत नाही, हे नंतर कळलं. घरात त्या कप्प्याला 'लोणचं' म्हणतात.

परवा त्यातली एक नायट्राइलची ओ-रिंग लागली. सीलबंद पाकीट, कंपनीचा होलोग्राम, बोटसुद्धा न लागलेलं. फाडताना कोपऱ्यातली तारीख दिसली: मार्च २०१३. असं रबर नीट ठेवलं तरी साधारण सात वर्षांनी पुन्हा तपासायचं असतं. मी ती तशीच अण्णांकडं नेली. त्यांनी चिमटीत धरून वाकवली, नखानं दाबली, उजेडात फिरवून बघितली.

"किती पळालीया?" म्हणाले, आणि डब्यातून दुसरी काढायला गेले.