वीट नव्हे, कौल आहे ते!

वीट म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. चुन्यात रचायची आणि वरचा भार तिने पेलायचा.

इंग्लंडच्या ससेक्समध्ये लुइस हे बाजाराचं गाव आहे. तिथल्या हाय स्ट्रीटवर खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी जुनी घरं आहेत. तांबडा दर्शनी भाग दिसला की लोक ‘अठराव्या शतकातलं विटांचं घर’ म्हणून मोकळे होतात. त्यातल्या काही भिंतींना वीट लागलेलीच नाही. त्या आहेत मॅथेमॅटिकल टाइल. नाव भारदस्त, पण वस्तू म्हणजे भिंतीवर टांगायचं कौल. त्याची पातळ वरची बाजू लाकडी रिपेला ठोकायची, तिच्यावर पुढची ओळ चढवायची. उघडा राहतो तो फक्त विटेच्या मापाचा तोंडवळा. मग चुन्याने मधल्या फटी, म्हणजे दरजा, भरल्या की झालं. मागे असतो जुना लाकडी सांगाडा. फॅशन विटेची आली, पण त्या सांगाड्याला विटेचं ओझं झेपणारं नव्हतं. कौलं हलकी, शिवाय पाऊसही अडवतात.

ओळखायचं कसं? रंग आणि दरजा पाहू नका, फसवायचं तिथेच तर होतं. भिंत संपते तिथे पाहा. विटांची भिंत कोपऱ्यावर सहज वळते. कौलाची तिथे पातळ कड उघडी पडते, म्हणून बहुधा उभी लाकडी पट्टी मारलेली असते. कोपऱ्यासाठी खास कौलंही घडवत, तेव्हा पट्टी नाही म्हणून लगेच वीट ठरवू नका. खिडकीची चौकट भिंतीशी सपाट असेल तर संशय घ्या, निकाल देऊ नका. जुन्या विटांच्या घरांतही ती तशी असे. खरी चुगली करतो तो वरचा मजला. दुकानाच्या डोक्यावर तो आधाराविना पुढे आलेला असेल, तर तिथे विटांची भिंत उभी राहीलच कशी? दुकानाची काच मात्र कशाचाच पुरावा नाही. ती केव्हाही बदलते.

आणि ती ‘विटांवरचा सरकारी कर चुकवायला कौलं आली’ ही गोष्ट आता पुरे करा. कौलं करापूर्वीही होती. 1784 च्या कायद्यात हजार विटांना अडीच शिलिंग कर होता, तर हजार साध्या कौलांना तीन. कर चुकवायला जास्त कर कोण भरेल?