पर्वती चढलो, म्हणजे हृदय ठणठणीत?

‘पर्वती एका दमात चढतो, मला कसला हार्ट अटॅक!’ पुण्यात हे सर्रास ऐकू येतं. चूक आहे. चढताना छातीत दुखायला हृदयाची धमनी साधारण 70 टक्के अरुंद व्हावी लागते. अटॅक मात्र अनेकदा 50 टक्क्यांहून कमी अडथळ्याच्या जागी येतो. चरबीच्या थरावरचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद! असा थर पायऱ्यांवर कळत नाही. ट्रेडमिलवर चालवून करतात त्या स्ट्रेस टेस्टलाही चकवतो. पर्वती चढाच, पण बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), साखर तपासा. पर्वती उतरल्याउतरल्या बीपी मोजू नका, 5 मिनिटं टेकून बसल्यावर मोजा. छातीत दाब, घाम, हातात कळ असेल तर सोडा पीत बसू नका, 108 लावा.