बिघडते मे महिन्यात, कळते डिसेंबरात: गाडीच्या बॅटरीबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

थंडी पडली की आमच्या दुकानाचा फोन सकाळी सातलाच वाजायला लागतो. "काल संध्याकाळपर्यंत गाडी मस्त चालू होत होती, आज सेल्फ मारला तर नुसतं कट-कट!" थंडीनं बॅटरी बसवली, असंच सगळ्यांना वाटतं. जळगावच्या थंडीचा त्यात वाटा आहे, पण थोडाच. खरं नुकसान मे महिन्यातच झालेलं असतं, पारा 43-44 वर असताना. बोनेटखाली तर त्याहून जास्त तापतं. आतलं पाणी उडतं, प्लेटांच्या जाळ्या गंजतात, ताकद हळूहळू उतरते. उन्हाळ्यात ऑइल पातळ, इंजिन हलकं फिरतं, त्यामुळे ही उणीव झाकली जाते. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, बॅटरीही आतून मंदावते आणि मग भांडं फुटतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की तपासणी दिवाळीआधी करून घ्या आणि पाण्याची पातळी उन्हाळाभर बघत राहा.

घरी मीटर लावून बघायचं असेल तर

इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो साधा डिजिटल मीटर पुरतो. डीसी 20 व्होल्टवर ठेवा, लाल पिन प्लसला, काळी मायनसला. गाडी रात्रभर उभी असावी. 12.6 किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी आणि 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचा आकडा फसवतो. घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग मोजा.

आता 12.6 बघून लगेच खूश होऊ नका. टाकी भरली म्हणजे नळाला जोर असतोच असं नाही. पिना तशाच धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. स्टार्टर त्या क्षणी शंभर-दीडशे अँपिअर किंवा जास्तही ओढतो. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा एखादा सेल (आतल्या सहा कप्प्यांपैकी एक) गेला आहे. आमच्याकडचा लोड टेस्टर हेच मोजतो, फक्त अंदाजावर न सोडता.

गाडी चालू झाली की पुन्हा बघा. 13.8 ते 14.5 च्या दरम्यान आकडा हवा. 13 च्या खालीच रेंगाळला तर दोष अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा), बेल्टचा किंवा वायरिंगचा. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तरी तीही महिन्याभरात उतरणार. 15 च्या वर गेला तर बॅटरी अक्षरशः उकळते आहे. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरवर संगणकाचं नियंत्रण असतं, तिथे आकडा खाली-वर होतो. त्यानं घाबरू नका.

नवी घेण्याआधी टर्मिनल बघा

गेल्या हिवाळ्यात एक काका रिक्षातून आले, बॅटरी पसंत करून पैसे काढायच्या बेतात होते. आम्ही म्हटलं, आधी गाडी बघू. बोनेट उघडलं तर मायनसचा क्लॅम्प बोटानं फिरत होता आणि प्लसवर पांढरी-हिरवी पावडर फुलकोबीसारखी फुललेली. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ओतला, जुन्या टूथब्रशनं घासलं, पुसून दहा नंबरचा पाना मारला. पहिल्याच सेल्फला गाडी चालू! आमची विक्री बुडाली, पण काका आता स्कूटरची बॅटरीही आमच्याकडूनच नेतात.

तुम्ही स्वतः करणार असाल तर मायनस आधी सोडा आणि शेवटी जोडा. प्लसचा नट सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर मायनस जोडलेला असताना जाळच होतो. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, त्यामुळे जवळ बिडी-काडीपेटी नको. घट्ट केल्यावर टर्मिनलवर व्हॅसलीनचा पातळ थर द्या.

पाणी

बूच असलेल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नको, एसीतून गळणारंही नको, आणि ॲसिड तर मुळीच नको. उडतं ते पाणी; ॲसिड आतच राहतं. डब्यावरच्या वरच्या रेषेपर्यंतच भरा. काठोकाठ भरलं तर चार्ज होताना बाहेर येतं आणि बॅटरीचा ट्रे खातं. ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, बघायला हायड्रोमीटर आमच्याकडे आहे. सहापैकी एकाच सेलची ग्रॅव्हिटी बाकीच्यांपेक्षा खूप खाली असेल तर त्या बॅटरीवर पुढे खर्च करू नका. सीलबंद बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावरही फार भरवसा नको, तो एकाच सेलचं सांगतो.

उभी गाडी

मुलं पुण्याला आणि गाडी अंगणात झाकून, असे आमचे बरेच ग्राहक आहेत. गाडी बंद असली तरी लॉक, घड्याळ, संगणक मिळून थोडा करंट खातात. तो 50 मिलिअँपिअर धरला तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास. म्हणजे 35 अँपिअर-तासाची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी उतरते. वर जीपीएस किंवा डॅशकॅम असेल तर त्याहून लवकर. अंगणातच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचा उपयोग नाही. सेल्फनं खाल्लेलं भरून निघेल, उतरलेली बॅटरी भरणार नाही. आठवड्यातून एकदा भुसावळपर्यंत जाऊन या. महिनाभर गावाला जाणार असाल तर मायनस काढून ठेवा.

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत कंपनीनं दिलेल्या प्रकारचीच बॅटरी घाला. साधी स्वस्त पडते, पण फार दिवस टिकत नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. काही जण ॲसिड गटारात ओतून शिसं काढतात. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसारही ती कचऱ्यात टाकायची नाही, अधिकृत साखळीतच द्यायची आहे. आम्ही ती घेतो आणि तिची किंमत नव्या बिलातून वजा करतो.

तपासणीचे पैसे नाहीत, दहा-पंधरा मिनिटं लागतात. वॉरंटी कार्ड आणि बिल सोबत आणा. लांबून गाडी चालवत आलात तर बॅटरी थोडी निवेपर्यंत थांबावं लागेल, चहा आमच्याकडून.