अणुधुळीच्या पीडितांची संगीतिका

अणुस्फोटानंतर वाऱ्याबरोबर दूर जाऊन खाली बसणारी किरणोत्सारी धूळ ज्यांच्या घरादारावर पडली, त्यांची कहाणी संगीतिकेतून, म्हणजे ऑपेरातून, सांगण्याची पद्धत. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (१८८०) आलेल्या संगीत नाटकात गद्य आणि पदे आलटून-पालटून येतात, संगीतिकेत बहुधा संवादही गायचा असतो. त्यातल्या समूहगायनाला नागपूरच्या बाजूचे जवळचे उदाहरण खडी गंमत या लोकनाट्याचे. शाहीर ओळ टाकतो, मागे उभे झीलकरी ती उचलतात.

पहिला अणुस्फोट, ‘ट्रिनिटी’, १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत झाला. दारूगोळ्याचे कोठार उडाले, एवढेच लष्कराने लोकांना सांगितले. जवळच्या तुलारोसा खोऱ्यात छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवून पीत. धूळ त्यातच उतरली. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांकडे गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरून बोट फिरवले की राख लागते. कोळशाची राख आणि अणुधूळ यांची बरोबरी नाही, पण आभाळातून आलेली वस्तू थेट ताटात कशी पोचते ते इथल्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेच्या १९९० च्या भरपाई कायद्यात ट्रिनिटीच्या परिसरातले हे लोक धरलेच नव्हते. त्यांचा समावेश व्हायला २०२५ उजाडले.

या विषयाजवळची सर्वांत गाजलेली संगीतिका ‘डॉक्टर ॲटॉमिक’. संगीत जॉन ॲडम्स यांचे, संहिता पीटर सेलर्स यांची. पहिला प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोत २००५ साली झाला. त्यात समूह गीतेच्या अकराव्या अध्यायातला विश्वरूपाचा श्लोक इंग्रजीत गातो. ‘रूपं महत्ते बहुवक्त्रनेत्रम्’ पाठ असलेला श्रोता तिथे खुर्चीत सावरून बसेल. मात्र नायक ओपेनहायमर, अणुबाँब बनवणाऱ्यांचा प्रमुख शास्त्रज्ञ. दुविधा त्याची, गाणेही त्याचे. धूळ झेललेल्यांना त्यात जागा मिळाली ती २०१८ च्या सांता फेच्या प्रयोगात. तुलारोसाची माणसे स्वतः रंगमंचावर येऊन उभी राहिली आणि आसपासच्या प्वेब्लो आदिवासींनी आपले नृत्य केले. मूळ संहितेतली उणीव दिग्दर्शकाने अशी भरून काढली, पण पीडितांच्या वाट्याला मुख्यतः उभे राहणेच आले.

हिरोशिमात जन्मलेल्या तोशिओ होसोकावा यांची ‘श्टिलेस मेअर’ (हॅम्बुर्ग, २०१६) बाँबची नव्हे, फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रातल्या दुर्घटनेची. मूल गेले हे मान्य न करणारी आई तिच्या केंद्रस्थानी आहे. ही मांडणी अधिक थेट वाटते, कारण किरणोत्साराचा मार एका क्षणात संपत नाही आणि ते रेंगाळणे सुरांना पेलते.

‘डॉक्टर ॲटॉमिक’च्या अखेरीस वाद्ये विरत जातात आणि एका जपानी बाईचा ध्वनिमुद्रित आवाज पाणी मागतो. खडी गंमतीत ही ओळ झीलकऱ्यांनी उचलली असती.