नचिकेत आणि अनिकेत

गिरगावातल्या एका बारशाला आत्याने बाळाच्या कानात 'नचिकेत' हे नाव सांगितले. पाळण्यामागे झेंडूच्या पाकळ्यांनी लिहिलेले नाव वाचून शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "नचिकेत, म्हणजे ज्याला घर नाही असा." त्यांनी सांगितलेला अर्थ खरा होता, पण तो अनिकेत या दुसऱ्याच नावाचा होता.

दोन्ही नावांच्या आरंभी नकार आहे आणि शेवटी 'केत' ऐकू येतो, त्यामुळे ही गफलत सहज होते. मात्र त्यांची फोड निराळी आहे. अनिकेत म्हणजे अ + निकेत. निकेत म्हणजे राहण्याचे ठिकाण. दादर-पार्ल्याच्या जुन्या इमारतींच्या पाट्यांवर दिसणारे 'निकेतन' ते हेच. नचिकेत मात्र न + चिकेत असा फुटतो आणि त्यातले 'चिकेत' हे 'जाणणे' या अर्थाच्या धातूचे वैदिक क्रियारूप आहे. ऋग्वेदाच्या 10व्या मंडलातील 51व्या सूक्तात, देवांपासून लपून बसलेल्या अग्नीच्या तोंडी 'न चिकेत' हे शब्द असेच लागोपाठ येतात. म्हणून या नावात घराचा काही संबंध नाही. 'न जाणणारा' किंवा 'न जाणलेला' असा त्याचा शब्दार्थ निघतो.

मला यांतला पहिला अर्थ अधिक जवळचा वाटतो, कारण कठोपनिषदातला मुलगा हा मुळात विचारणारा मुलगा आहे. वडील वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करायला निघाले खरे, पण दिल्या गेलेल्या गायी पाणी पिऊन, चारा खाऊन, दूध देऊन संपलेल्या होत्या. ते पाहून त्याने "मला कोणाला देणार?" असे पुन्हा पुन्हा विचारले आणि संतापलेल्या बापाने "तुला मृत्यूला देतो" असे म्हटले. यमाच्या दारात तो तीन रात्री उपाशी राहिला आणि त्याबद्दल त्याला तीन वर मिळाले: वडिलांचा राग शमावा हा पहिला, स्वर्गाकडे नेणाऱ्या अग्नीचे ज्ञान हा दुसरा, आणि मेलेल्या माणसाचे पुढे काय होते याचे उत्तर हा तिसरा. दुसरा वर देताना यमाने तो अग्नी त्याच्याच नावाने ओळखला जाईल असे सांगितले. 'नचिकेत म्हणजे अग्नी' हा अर्थ जागोजागी दिलेला दिसतो तो यामुळेच. पण त्या अग्नीचे नाव 'नाचिकेत' आहे, पहिल्या अक्षराला काना असलेले, आणि ते मुलावरून पडलेले आहे.

अनिकेतचा पत्ता गीतेच्या 12व्या अध्यायात, भक्ताच्या लक्षणांत सापडतो: 'अनिकेतः स्थिरमतिः'. एकेका खोलीसाठी आयुष्य घालवणाऱ्या मुंबईत मुलाला 'बेघर' म्हणावे कसे, असे काही पालकांना वाटते. त्यांनी ज्ञानेश्वरीतली याच शब्दावरची ओवी वाचावी: 'हें विश्वचि माझें घर । ऐसी मती जयाची स्थिर'. ज्ञानदेवांनी या शब्दातली उणीव काढून त्यात सगळे जग भरले आहे.

राहिला प्रश्न रूपाचा. मूळ शब्द नचिकेतस् असा सकारान्त असल्यामुळे, चंद्रमस्चे चंद्रमा होते तसे त्याचे नचिकेता होते. ते रूपही पुल्लिंगीच आहे. मराठीत आकारान्त नाव मुलीचे वाटते, म्हणून आपल्याकडे शेवटचा काना गळून नचिकेत रूढ झाले. जन्मदाखल्यावर दोन्हींपैकी कोणतेही रूप लिहिले तरी ते शुद्धच राहते.